कराटे, ज्युडो, कुस्तीच्या जोडीला ताकदीचा व्यायाम: नाशिकच्या नवख्यांसाठी

क्लास सुरू होऊन तीन-चार महिने झाले की कुणीतरी हा प्रश्न विचारतंच: "सर, सोबत जिम लावू का?" विचारणाऱ्याला तोवर जाणवलेलं असतं की नुसत्या तंत्रावर भागत नाही. डाव बरोबर बसतो, पण समोरचा जागचा हलत नाही. किक उंच जाते, पण पोचेपर्यंत तिच्यातला जोर संपतो. स्पॅरिंगच्या दुसऱ्या मिनिटाला हात खाली यायला लागतात.

उत्तर आहे, हो, जरूर लावा. पण जिमच्या भिंतीवर चिकटवलेलं सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे हे वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. तुमचं खरं काम मॅटवर, रिंगमध्ये किंवा मातीत आहे आणि ताकदीच्या व्यायामाने त्या कामाची चाकरी करायची आहे. क्लासला जाताना पाय जड आणि खांदे दुखरे असतील, तर व्यायामाने कितीही घाम काढलेला असो, तो चुकला. पुढचं सगळं या एका कसोटीवर बेतलेलं आहे.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे आणि तिचं एक टोक आपल्याच जिल्ह्यात सापडतं. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातले बाळंभटदादा देवधर हे निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे. बाहेरून आलेल्या नामांकित पैलवानांचं आव्हान स्वीकारून ते तयारीसाठी सप्तशृंगीच्या गडावर गेले आणि तिथे त्यांना लाकडावरच्या कसरतीचा, म्हणजे मल्लखांबाचा, दृष्टांत झाला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी मल्लखांब हा मल्लाचा पूरक व्यायाम होता हे त्याच्या नावातच आलं. पकड, मांड्यांची मिठी, पोटाचा ताठरपणा खांबावर कमवायचा आणि हौद्यात वापरायचा. आज आपण बारबेल, डंबेल किंवा वाळूची गोणी घेऊन तेच करणार आहोत.

आधी सरांशी बोला

जिमची फी भरण्याआधी तुमच्या सरांना, तालमीत जात असाल तर वस्तादांना सांगा. पुढच्या तीन महिन्यांत स्पर्धा किंवा ग्रेडिंग (पट्ट्याची परीक्षा) कधी आहे आणि तुमचं शरीर नेमकं कुठे कमी पडतंय, या दोन गोष्टी त्यांना तुमच्यापेक्षा नीट माहीत असतात. "डावा पाय उभा राहत नाही तुझा" किंवा "उचलताना पाठ गोल होते" असं एखादं वाक्य ते सहज बोलून जातील. ते वहीत लिहून घ्या, कारण व्यायामाची निवड त्या वाक्यावरून करायची आहे.

रक्तदाब, हृदयाचा त्रास, हर्निया किंवा गुडघा-खांद्याची जुनी दुखापत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. जड वजन उचलताना श्वास रोखला की रक्तदाब काही क्षण बराच चढतो, म्हणून हे टाळू नका.

पालकांचा ठरलेला प्रश्न असतो, वजन उचललं तर पोराची उंची खुंटेल का? नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली, हलक्या वजनाने आणि नीट पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटते याला आधार नाही. बालरोगतज्ज्ञांची आजची भूमिकाही हीच आहे. सांगितलेलं ऐकून तसं करता येण्याचं वय, म्हणजे साधारण ७-८ वर्षं, झालं की दंड, बैठका, बारला लटकणं, हलका चेंडू फेकणं सुरू करता येतं. एका दमात जास्तीत जास्त किती उचलतो हे पाहण्याचा हट्ट मात्र वाढीच्या वयात कुणीच करू नये. मुलींना हाच आराखडा जसाच्या तसा लागू आहे. आठवड्यातून दोन दिवस वजन उचलून दंड फुगतील ही भीती मनातून काढून टाका. ताकद येईल, आणि ज्युडोत किंवा कुस्तीत तीच कमी पडत असते.

आठवडा कसा बसवायचा

ताकदीला आठवड्यातून दोन दिवस द्या, दोनच. प्रत्येक वेळी वॉर्मअप धरून पाऊण तास ते एक तास. सोम-बुध-शुक्र क्लास असेल तर मंगळवार आणि शनिवार घ्या. मंगळवारी पायांचं काम हलकं ठेवा, कारण अंगदुखी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते आणि बुधवारी तुम्हाला क्लासला उभं राहायचंय. पायांचं जड काम शनिवारी करा, म्हणजे रविवार मोकळा मिळतो.

क्लास आणि व्यायाम एकाच दिवशी करण्याशिवाय इलाज नसेल तर तंत्र आधी, वजन नंतर, आणि मध्ये पाच-सहा तास. दमलेल्या अंगाने डाव घोटला की चुकीची हालचाल पक्की होत जाते आणि दमलेल्या गुडघ्यावर गिरकी घेताना इजा होते.

सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना वार बांधून चालत नाही. त्यांनी वार सोडून द्यावा आणि सात दिवसांत दोन वेळा एवढंच धरावं. थर्ड शिफ्टवरून उतरल्या उतरल्या वजनाला हात लावू नका, आधी झोप घ्या. द्राक्षबागेत काम करणाऱ्या मुलांचं गणित आणखी वेगळं. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी चालू असते तेव्हा दिवसभर मांडवाखाली हात वर धरून काम होतं. खांदे, मनगटं आणि पकड संध्याकाळपर्यंत दमून गेलेली असतात. त्या दिवसांत ओढण्या-ढकलण्याचे सेट (मध्ये न थांबता केलेल्या फेऱ्या) निम्मे करा आणि पाय-कंबरेवर भर द्या. बागेतलं काम हाही शरीरावरचा भारच आहे, तो हिशेबात धरायलाच हवा.

कुठे करायचं

जिम निवडताना आरशांपेक्षा तीन गोष्टी बघा: सरळ बार आणि प्लेट, स्क्वॉटचा रॅक (वजन घेऊन बैठक मारताना बार ठेवायची चौकट), आणि लटकता येईल असा मजबूत पुलअप बार. रिकाम्या बारचं वजन विचारून घ्या. मोठा ऑलिम्पिक बार २० किलोचा असतो, पण बऱ्याच ठिकाणी हलके बारही ठेवलेले असतात आणि वहीतला हिशेब तिथेच चुकतो.

जिम परवडत नसेल तर घरी २० लिटरचा पाण्याचा जार, १० लिटरच्या दोन बादल्या, जाड पोत्यात बांधलेली वाळू आणि एक मजबूत रबर बँड एवढ्यावर पहिले सहा महिने आरामात निघतात. पाण्याने भरलेला २० लिटरचा जार म्हणजे २० किलो, हे माप कायम हाताशी असतं. उद्यानांतल्या ग्रीन जिमच्या झुलत्या मशीनवर मात्र भार वाढवायची सोय नसते, त्यामुळे ताकद वाढणं थोड्याच दिवसांत थांबतं. तिथला आडवा बार तेवढा वापरा. आणि जवळ मल्लखांब शिकवणारी जागा असेल, यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्थेत प्रवेश मिळत असेल, तर ओढण्याचा आणि पोटाचा अर्धा व्यायाम खांबावरच होऊन जाईल.

कंबरेतून मोडणं

सगळ्यांत जास्त वेळ या हालचालीला द्या. ज्युडोतला कंबरेवरून फेकण्याचा डाव, कुस्तीत दोन्ही पाय धरून उचलणं, कराटेतला उलट्या हाताचा पंच, तायक्वांदोतली मागची किक, सगळ्यांचा जोर कंबरेच्या सांध्यातून निघतो. आणि नवख्याची पाठ दुखते तीही बहुधा इथेच, कारण तो कंबरेतून मोडण्याऐवजी पाठीतून वाकतो.

झाडूचा दांडा किंवा कुठलीही सरळ काठी घ्या. एक हात मानेमागे, दुसरा कंबरेमागे ठेवून काठी पाठीच्या कण्यावर उभी धरा. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, दोन्ही खांद्यांच्या मधोमध आणि माकडहाडावर. भिंतीकडे पाठ करून, भिंतीपासून वीतभर अंतरावर, पाय कंबरेइतके फाकवून उभे राहा. गुडघे किंचित सैल. आता ढुंगण मागे ढकलत भिंतीला टेकवा. वरचं धड दाराच्या बिजागरीसारखं फिरून पुढे येईल. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर बरोबर. माकडहाडावरून सुटली तर पाठ गोल झाली. डोक्यावरून सुटली तर हनुवटी पुढे गेली. मांडीच्या मागे ताण जाणवला की समजा तुम्ही योग्य स्नायूपर्यंत पोचलात. जमलं की चार बोटं पुढे सरका आणि पुन्हा करा.

काठीसोबत दोन आठवडे घालवा. त्यानंतर केटलबेल (वर मूठ असलेला लोखंडी गोळा), जार किंवा गोणी दोन्ही पायांच्या मध्ये ठेवून उचला. उचलण्याआधी पोटात श्वास भरून पोट कडक करा, जमिनीला पायाने ढकला, वर आल्यावर श्वास सोडा. वजन पायांना घासून वर यायला हवं. ते पुढे गेलं की सगळा भार कंबरेवर येतो. बारबेलची डेडलिफ्ट हे याचंच पुढचं रूप आहे. तिथे पोचायला घाई नको.

बैठका आणि एका पायावरचं काम

आपल्या परंपरेतली बैठक उत्तम व्यायाम आहे, पण पाचशे-हजार बैठकांच्या मागे लागू नका. जुने पैलवान तेवढ्या मारत, कारण त्यांचा दिवसच तालमीत जात असे. खुराक, मालिश, दुपारची झोप सगळं त्याला धरून होतं. आठ तास नोकरी किंवा कॉलेज करून संध्याकाळी क्लासला येणाऱ्याच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. शिवाय पन्नासच्या पुढे गेलेल्या बैठका दम वाढवतात, ताकद फारशी नाही. ताकद हवी तर बैठका कमी आणि वजन जास्त. वजन छातीशी धरून, टाचा जमिनीवर ठेवून, मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत खाली बसा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच वळू द्या. ते आत कोसळत असतील तर वजन कमी करा.

लढतीत तुम्ही फार वेळ एका पायावर असता. किक मारताना, पाय लावताना, उडवला गेल्यावर तोल सावरताना. म्हणून एका पायाचं काम हवंच. मागचा पाय खुर्चीवर किंवा बाकावर ठेवून पुढच्या पायावर बसणं, किंवा गुडघ्याएवढ्या उंचीच्या पायरीवर सावकाश चढ-उतार. कमजोर पायाने सुरुवात करा आणि तो जितक्या वेळा करेल तितक्याच वेळा दुसऱ्याने करा.

ओढणं आणि पकड

पंच आणि दंड यांमुळे क्लासमध्ये ढकलण्याचं काम भरपूर होतं, ओढण्याचं फारच कमी. त्यामुळे खांदे पुढे झुकतात आणि मग दुखतात. माझा आग्रह असा की ढकलण्याच्या एका सेटमागे ओढण्याचे दोन सेट ठेवा. पुलअप एकही येत नसेल तर स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्या आणि मोजत मोजत पाच सेकंदांत खाली उतरा. हे आठवड्यातून दोनदा नेटाने केलं की पहिली पूर्ण पुलअप नक्की येते. सोबत कंबरेएवढ्या बारखाली आडवं पडून छाती बारपर्यंत ओढा.

ज्युडो आणि कुस्तीवाल्यांनी पकडीसाठी वेगळं यंत्र विकत घेण्याची गरज नाही. जुन्या ज्युडोगीची (ज्युडोच्या जाड पोशाखाची) बाही किंवा जाड पंचा बारवरून टाका, दोन्ही टोकं मुठीत धरा आणि २० सेकंद लटका. पहिल्यांदा दहाव्या सेकंदालाच बोटं उघडायला लागतील, कारण गोल लोखंडी बार धरणं आणि सैल कापड धरणं यात फार अंतर आहे. कापड निसटतं आणि अंगठ्याला सतत आवळून राहावं लागतं. जॅकेटची कॉलर धरून लढणाऱ्याला हीच पकड लागते.

ढकलणं, मुदगल

दंड मारा, हनुमान दंड मारा. सहज पंधरा यायला लागले की पाय बाकावर ठेवा किंवा पाठीवर पुस्तकांनी भरलेलं दप्तर घ्या. उभं राहून एका हाताने डंबेल डोक्यावर ढकलणंही ठेवा, त्यात पोट आणि कंबर आपोआप कामाला लागतात. बेंच प्रेसशी, म्हणजे बाकावर उताणं पडून बार वर ढकलण्याशी, माझं भांडण नाही, पण लढणाऱ्याला ती यादीत शेवटी येते.

मुदगल मिळाला तर जरूर फिरवा. तीन-चार किलोपासून सुरुवात करा. खांद्याच्या सांध्याला सगळ्या दिशांनी ताकद देणारं इतकं चांगलं साधन थोडंच असेल. ओकिनावातल्या गोजू-र्यू कराटेत दांड्याला दगड बसवलेलं ची-इशी अशाच कामासाठी फिरवतात. तुमच्या कराटे क्लासमध्ये ते असेल तर सरांकडून शिकून घ्या.

पोट, जांघ आणि मान

लढतीत पोटाचं मुख्य काम धड वळू न देणं, कोसळू न देणं हे असतं, त्यामुळे शेकडो क्रंचेसमधून थोडंच हाती लागतं. रबर बँड खिडकीच्या मजबूत गजाला छातीच्या उंचीवर बांधा, गजाकडे एक बाजू करून उभे राहा, बँड दोन्ही हातांनी छातीशी धरून सरळ पुढे ढकला. बँड तुम्हाला वळवायला बघेल, तुम्ही वळायचं नाही. दुसरा व्यायाम आणखी साधा: एकाच हातात भरलेली बादली घेऊन, धड अजिबात न कलता, गच्चीवर ३० मीटर चाला आणि हात बदला.

किक मारणाऱ्यांची जांघ आणि मांडीचा मागचा स्नायू वारंवार ताणला जातो. जांघेसाठी कुशीवर झोपून वरच्या पायाचा गुडघा बाकावर टेकवा आणि कंबर उचलून १५ सेकंद धरा. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यांवर उभे राहा, जोडीदाराला घोटे घट्ट धरायला सांगा आणि सरळ शरीराने जमेल तितक्या सावकाश पुढे झुका. शेवटी हातांवर पडा. पहिल्या वेळी दोन सेट आणि प्रत्येकी तीनच वेळा, नाहीतर पुढचे तीन दिवस जिना उतरणं अवघड जाईल.

मानेकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. मान बळकट असली की ठोसा बसल्यावर किंवा पाठीवर पडताना डोकं कमी हेलकावतं. पहिले काही महिने फक्त हाताचा विरोध पुरे: तळहात कपाळावर, मग डोक्यामागे, मग दोन्ही बाजूंना. हाताने ढकला, डोकं जागचं हलू देऊ नका, प्रत्येकी १० सेकंद, दोन फेऱ्या. पैलवानांचा ब्रिज (डोकं आणि पाय टेकवून केलेली अंगाची कमान) बघून स्वतःहून करायला जाऊ नका, तो वस्तादांच्या नजरेखालीच शिकायचा.

दोन दिवसांची मांडणी

मंगळवार: पुलअप किंवा सावकाश उतरणं, ३ सेट. एका हाताने डंबेल डोक्यावर, ३ सेट. पायरीवर चढ-उतार, हलक्या वजनाने २ सेट. बारखाली आडवं ओढणं, ३ सेट. बँडचं ढकलणं, दोन्ही बाजूंना २ सेट. मान.

शनिवार: डेडलिफ्ट किंवा गोणी उचलणं, ३ सेट. वजन धरून बैठक, ३ सेट. दंड, २ सेट. कापडाला लटकणं, ३ वेळा. मांडीच्या मागचा किंवा जांघेचा व्यायाम, २ सेट. बादली घेऊन चालणं. मान.

जड हालचालींत प्रत्येक सेटमध्ये ५ ते ८ वेळा. दोन सेटच्या मध्ये दोन मिनिटं पूर्ण थांबा. हे थांबणं आळसाचं नाही. घाईघाईत केलेला पुढचा सेट दमाचा होतो, ताकदीचा राहत नाही, आणि दम तर तुम्हाला क्लासमध्ये मिळतोच आहे.

वॉर्मअपला उन्हाळ्यात पाच-सात मिनिटं पुरतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा सकाळी किमान बारा मिनिटं द्या: सूर्यनमस्कार, रिकाम्या बारने त्याच हालचाली, मग हलकं वजन. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखालच्या जिममध्ये दुपारी जाऊ नका.

वजन कधी वाढवायचं

असं वजन निवडा की आठ वेळा उचलल्यावर आणखी दोन वेळा नक्की जमलं असतं. ते दोन कायम शिल्लक ठेवा. हात थरथरेपर्यंत, जोडीदाराने बार उचलून देईपर्यंत नेलेला सेट बघायला भारी वाटतो, पण त्याची किंमत बुधवारच्या क्लासमध्ये मोजावी लागते. तिन्ही सेट आठ-आठ वेळा नीट झाले की पुढच्या वेळी वरच्या अंगाच्या व्यायामात १ ते २.५ किलो, पायांच्या व्यायामात २.५ ते ५ किलो वाढवा आणि पुन्हा पाचवर या.

पहिल्या सहा-आठ आठवड्यांत वजन भराभर वाढेल आणि आरशात काहीच दिसणार नाही. घाबरू नका. सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते, आहेत तेच स्नायू अधिक एकजुटीने कामाला लागतात. लढणाऱ्याला हे सोयीचंच आहे, कारण वजनगट न बदलता ताकद वाढते. दर पाचव्या आठवड्यात सेट निम्मे करा. स्पर्धेच्या किंवा ग्रेडिंगच्या आठवड्यात फक्त एक हलकं सत्र घ्या, तेही तीन-चार दिवस आधी.

"वजन उचललं की अंग आखडतं, किक खाली येते" हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. अर्धवट हालचाली केल्या, स्ट्रेचिंग सोडून दिलं आणि शरीर नुसतं फुगवलं तर तसं होऊ शकतं. पूर्ण टप्प्यात, खालपर्यंत जाऊन केलेल्या व्यायामाने लवचिकता टिकते, बऱ्याचदा वाढतेही. लांब स्ट्रेचिंग मात्र व्यायामानंतर ठेवा.

उड्या, चेंडू जोरात आपटणं, केटलबेल स्विंग (केटलबेल झोक्यासारखी पुढे-मागे झुलवणं) हा वेगाचा भाग पहिले तीन महिने नको. हालचाल पक्की झाली की सत्राच्या सुरुवातीला, ताज्या अंगाने, पाच उड्यांचे तीन सेट एवढ्यावर सुरू करा.

दम वाढवायचा असेल तर पांडवलेणीच्या पायऱ्या आहेतच. पहाटे, गर्दी नसताना, एक टप्पा जोरात चढा, सावकाश उतरा, श्वास बसला की पुन्हा. आठवड्यातून एकदा पुरे, आणि पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात तेव्हा मुळीच नको.

खाणं, झोप, पावडरी

ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.४ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या मुलाला म्हणजे ८५ ते ९५ ग्रॅम. आपल्या रोजच्या ताटात एवढी बसत नाहीत, कारण पोळी-भात भरपूर आणि डाळ पातळ असते. अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, १०० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात २० च्या आसपास, तेवढ्याच सोयाबीनच्या वड्यांत ५० ग्रॅमपर्यंत. मटकीची उसळ, घट्ट वरण, शेंगदाणे, दही, खात असाल तर अंडी-चिकन, हे तिन्ही जेवणांत वाटून घ्या. क्लासच्या दोन तास आधी भाकरी-उसळ, नंतर दूध आणि केळी, एवढी साधी व्यवस्था पुरते.

जिममध्ये कुणी पावडरीचा डबा किंवा "ताकदीची गोळी" पुढे केली तर घेऊ नका. पूरक पदार्थांत लेबलवर न लिहिलेले घटक सापडतात, आणि स्पर्धेत उतरणाऱ्याच्या नमुन्यात बंदी असलेला पदार्थ निघाला तर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही, जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. वजनगटात बसण्यासाठी उपास करून, पाणी तोडून वजन उतरवणं हे नवख्याने करूच नये. ताकद वाढवण्याच्या काळात तर नाहीच.

रात्री सात-आठ तास झोप. त्यात तडजोड करायची वेळ आली तर त्या दिवशीचं वजनाचं सत्र सोडा, झोप सोडू नका.

कधी थांबायचं

दोन्ही मांड्या सारख्या दुखताहेत, चाललं की बरं वाटतं, तर ती व्यायामाची अंगदुखी. तीन दिवसांत जाते. एकाच सांध्यात टोचणारी कळ, सूज, हातापायात मुंग्या, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यापैकी काहीही असेल तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. पायाचा गुडघा दुखावला म्हणून पुलअप आणि मानेचा व्यायाम बंद करायचं कारण नाही, जे न दुखता होतं ते चालू ठेवा.

गणपतीत, दिवाळीत, परीक्षेत खंड पडणारच. दोन आठवड्यांच्या खंडाने ताकद फारशी उतरत नाही. परत आल्यावर वहीतल्या शेवटच्या वजनाच्या तीन-चतुर्थांशावर सुरू करा, दोनच सेट घ्या, आणि तिसऱ्या सत्रापर्यंत जुन्या जागी या. एक महिन्याहून जास्त खंड असेल तर निम्म्या वजनावर या आणि काठीच्या चाचणीपासून सुरुवात करा. पहिला आठवडा क्लास आणि वजन दोन्ही एकदम चालू करू नका. आधी क्लासला जा, अंग रुळू द्या, वजन पुढच्या आठवड्यात.